तीन दिवसांत उबलेली अंडी

सांगतो त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आधीच सांगून ठेवतो, मागाहून कुरकुर नको.

मी थापा मारतो हे जगजाहीर आहे. पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं काढलेला माणूस दुसरं काय करणार? कृष्णेच्या पुरात म्हशीच्या पाठीवर बसून मी मिरजेहून सांगलीला गेलो, ही गोष्ट लोक अजून मागून घेऊन ऐकतात. सांगली वरच्या अंगाला आहे, तर म्हैस पुरात उलटी कशी पोहली, हे आजवर एकाही शहाण्यानं विचारलेलं नाही.

"पण ही गोष्ट खरी आहे," मी म्हणालो.

"प्रत्येक वेळी हेच म्हणता तुम्ही," प्रथमेश म्हणाला. प्रथमेश म्हणजे माझा सख्खा पुतण्या. न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला त्याचं घर आहे, आणि मे महिन्यापासून मी तिथे मुक्कामाला होतो. ऑक्टोबरातल्या रविवारची दुपार होती. समोर वेदांत बसला होता, पुण्याहून नुकताच एम. एस.ला आलेला, घरच्या जेवणासाठी कोणाच्याही ओळखीनं कुठेही जाणारा. प्रथमेशची बायको संध्या टेबलापाशी घेवडा मोडत होती.

"सांगा ना काका," वेदांत म्हणाला. "चमत्काराची आहे ना?"

चमत्काराचीच. तर ऐका.

एकतीस मे, दोन हजार चार. मेमोरियल डेचा सोमवार. अख्खी अमेरिका अंगणात मक्याची कणसं भाजत होती आणि आपली साठ मराठी माणसं प्रथमेशचा दोस्त विक्रम याच्या गॅरेजमध्ये उभी होती. चपला ड्राइव्हवेवर काढलेल्या. आत उदबत्तीचा धूर इतका, की धुराची घंटा दोनदा वाजून गेली होती. मध्ये एका टेबलावर केशरी कापड, त्यावर थर्माकोलची पेटी. पिकनिकला कोकच्या बाटल्या गार ठेवायला नेतात ना, तीच. झाकणाला भोक पाडून आत चाळीस वॅटचा बल्ब सोडलेला, एका वाटीत पाणी, एक थर्मामीटर, आणि नॅपकिनवर मांडलेली बारा पांढरी अंडी. प्रत्येकावर अंगठ्याएवढा कुंकवाचा ठसा.

आणि पेटीमागे प्राणनाथ महाराज. केशरी सॅटिनची कफनी, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. कधी हृषीकेशचे असत, कधी नाशिकचे. बायकांशी मराठी बोलत, पुरुषांशी हिंदी आणि पोरांशी इंग्रजी.

"कुदरत को लगते हैं इक्कीस दिन," महाराज म्हणाले. "कोंबडा लागतो, कोंबडी लागते. आम्हाला काय लागतं? फक्त संकल्प! दुकानातलं अंडं. मेलेलं. फ्रीजमधलं. विक्रम बेटा, कुठून आणलं?"

"सुपरमार्केटमधून, महाराज. शुक्रवारी सकाळी. पावती आहे."

"पावती आहे!" महाराजांनी हात वर केले. "ये बल्ब नहीं है, सूर्यनाडी है. हे पाणी नाही, चंद्रनाडी आहे. अँड दिस थर्माकोल, चिल्ड्रेन, इज नॉट थर्माकोल."

"मग काय आहे?" कोणीतरी विचारलं.

"प्रश्न आला की प्राण जातो," महाराज म्हणाले, आणि तेवढ्यात टक् असा आवाज झाला.

एका अंड्याला तडा गेला. तड्यातून चोचीचं टोक दिसलं, मग ओलं, चिकट, डुलतं डोकं. साठ माणसांनी एकदम श्वास आत ओढला. तीन दिवसांपूर्वी सुपरमार्केटच्या फ्रीजमधून आलेल्या अंड्यातून कोंबडीचं पिल्लू! तासाभरात तीन झाली, दुपारपर्यंत अकरा. बारावं फुटलंच नाही. महाराज म्हणाले, घरात कोणाच्या तरी मनात शंका आहे. साठही जणांनी एकमेकांकडे पाहिलं.

"माझ्या मनात होती," मी म्हणालो. "मला पहिल्यापासून संशय होता."

"मग तेव्हाच का नाही बोललात?" वेदांतनं विचारलं.

पुराव्याशिवाय बोलणारा मी नव्हे. पण आधी हे बघा, की त्यानं माणसं कशी निवडली. विक्रम औषध कंपनीत नोकरीला. नव्या औषधानं गुण येतो की नुसत्या साखरेच्या गोळीनं, याचे आकडे तपासणं हेच त्याचं काम. गॅरेजमध्ये पीएच. डी. झालेले सात-आठ जण. पण अंडं? अंड्याच्या बाबतीत सगळा अंधार! विक्रमच्या आई सरलाकाकू घरात अंडं येऊ देत नाहीत. केकसुद्धा आधी डबा उलटा करून, बारीक अक्षरं वाचून मग घेतात. म्हणून तर पेटी गॅरेजमध्ये. इथल्या मराठी मंडळातली निम्मी घरं तशीच. जन्मात ज्यांनी अंडं हातात धरलेलं नाही, त्यांच्यापुढे अंड्याचा चमत्कार! पेढ्याचा केला असता तर कोणीतरी खव्याला वास येतो म्हणून पकडला असता. अंड्याजवळ कोण जाणार? विटाळाचा विटाळ आणि महाराजांची आज्ञा, "स्पर्श नको." दोन्ही एकदम पाळता आली.

आणि पहारेकरी कोण? तर मी! साठ जणांत अंडं खाणारा मी एकटा, म्हणजे कबूल करणारा मी एकटा. सरलाकाकू म्हणाल्या, "जगन्नाथभावजी तसेही बाटलेलेच आहेत, त्यांना बसवा." शुक्रवारी सकाळी पूजा झाली, अंडी पेटीत गेली, आणि मी समोर घडीची खुर्ची टाकली. दिवसा मी. रात्री गॅरेजचं दार बंद आणि त्याचा रिमोट माझ्या उशाखाली. तीन दिवस, वेदांत, तीन दिवस पापणी लवली नाही माझी.

"तीन दिवस?"

"खुर्चीलाच विचार."

संध्या घेवड्याच्या शिरा काढत होती. तिनं मान वर केली नाही.

आता तिच्यासमोर सांगतो, तिची हरकत नाही, मी विचारून घेतलं आहे. लग्नाला अकरा वर्षं झालेली. मूल नाही. वय एकेचाळीस. दोन वर्षं क्लिनिकच्या चकरा मारून अखेर ट्रीटमेंटची तारीख मिळाली होती: सात जून, सोमवार, त्या दिवसापासून इंजेक्शनं सुरू. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणारी. म्हणाली, "या वयात दहात एक, फार तर दोन. आणि प्रत्येक महिना महत्त्वाचा आहे." संध्यानं ते आकडे फ्रीजवर चिकटवून ठेवले होते.

महाराजांना हे कळलं. अशा लोकांना कसं कळतं? आपणच सांगतो. आधी कोणीतरी काकू प्रार्थना करा म्हणून सांगते, आणि मग महाराजांना ते 'अंतर्ज्ञानानं' कळतं.

पिल्लं निघाली त्या दुपारी महाराजांनी संध्याला पुढे बोलावलं. कवचाचा एक तुकडा तिच्या ओंजळीत ठेवला.

"बेटी, दुकानातल्या मेलेल्या अंड्यात आम्ही जीव घातला. तुझ्या अंड्यात नाही घालणार? पण सुई नको. सुई टोचली की प्राण गळतो. एक्केचाळीस दिवसांचं अनुष्ठान. शंभर टक्के!"

शंभर टक्के. एकीकडे दहात एक म्हणणारी बाई आणि दुसरीकडे शंभर टक्के म्हणणारा बुवा. रडून रडून थकलेल्या माणसानं कोणाचं ऐकावं?

संध्याकाळी संध्यानं मला स्वयंपाकघरात गाठलं. म्हणाली, "काका, तुम्ही तिथेच होतात. एक क्षणसुद्धा नजर हलली नाही?"

मी म्हणालो, "हलली नाही."

मंगळवारी सकाळी तिनं क्लिनिकला फोन करून सगळं कॅन्सल केलं. प्रथमेश गाडीत जाऊन बसला. गाडी कुठे नेली नाही, नुसता बसला.

"तू खरंच कॅन्सल केलंस, ताई?" वेदांतनं विचारलं.

"केलं," संध्या म्हणाली.

बुधवारी गिरिजा आली. परभणीच्या पशुवैद्यक कॉलेजातून शिकून आलेली, इथल्या विद्यापीठात पीएच. डी. करणारी पोरगी. विषय कुक्कुटपालन. मंडळात तिची ओळख करून द्यायची तर लोक म्हणत, "ही गिरिजा, ही... रिसर्च करते." कोंबड्यांचं नाव कोणी काढत नसे. कोणी काढलंच तर पुढचा प्रश्न ठरलेला: "त्यात काय पीएच. डी. असते?" चमत्काराच्या दिवशी सगळ्या न्यू जर्सीला आमंत्रण होतं. कोंबडीबद्दल काही कळणारं एकच माणूस होतं, गिरिजा, आणि साठांच्या त्या यादीत नेमकं तिचंच नाव नव्हतं.

संध्यानं तिला सगळं सांगितलं. गिरिजानं शांतपणे पोळीभाजी संपवली आणि हात धुऊन विचारलं, "ताई, ते कवच बघू?"

कवच देवघरात होतं. प्रसाद म्हणून अकरा घरांना अकरा कवचं वाटली होती, झिपलॉकच्या पिशवीत घालून. ज्या घरांत अंड्याला उंबरा ओलांडता येत नव्हता, तिथे ते आता बाळकृष्णाशेजारी बसलं होतं. सरलाकाकूंना विचारलं तर म्हणाल्या, "अंडं वेगळं, कवच वेगळं."

गिरिजानं तुकडा उजेडात धरला. आतून बघितला, बाहेरून बघितला. मग कापसाचा बोळा ओला करून कुंकू पुसायला लागली.

"अगं, अगं!" संध्या ओरडली.

"परत लावून देते, ताई."

कुंकू पुसलं गेलं. खाली पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं होतं. बारीक, तिरकं. एक फुली, आणि तिच्याखाली ५/१०.

"हे काय?" प्रथमेश जवळ आला.

"दहा मे. इथे महिना आधी लिहितात," गिरिजा म्हणाली. "घरच्या पेटीत अंडी उबवणारे सगळे असंच करतात. अंडं दिवसातून तीनदा फिरवावं लागतं, नाहीतर आतला जीव कवचाला चिकटतो. बारा सारखी पांढरी अंडी, कुठलं फिरवलं आणि कुठलं राहिलं कसं कळणार? म्हणून एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. आणि ज्या दिवशी उबवायला ठेवलं ती तारीख. दहा मे अधिक एकवीस दिवस किती होतात, दादा?"

प्रथमेशनं बोटांवर मोजलं. इंजिनियर माणूस, पण बोटांवर मोजलं. "एकतीस मे."

"म्हणजे सुपरमार्केटची अंडी शुक्रवारी कुठेतरी गेली, आणि अठरा दिवस उबलेली दुसरी अंडी पेटीत आली. कुंकू भक्तीसाठी लावलं नव्हतं, पेन्सिल झाकायला लावलं होतं. शेवटचे तीन दिवस बल्बनं ऊब दिली, बस. काम एकवीस दिवसांच्या उबेचं, नाव महाराजांचं. खुडूक कोंबडी बिचारी एकवीस दिवस दाणापाणी विसरून अंड्यांवर बसते, तिला कोणी हार घालत नाही."

संध्या कवचाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पण काका पहाऱ्यावर होते. अंडी बदलली कधी?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही काय म्हणालात?" वेदांतनं विचारलं.

मी म्हणालो, चोराला रंगेहाथ पकडायचं असेल तर बोभाटा करू नये. शनिवारी पुन्हा प्रयोग आहे, तिथे बघू.

शनिवारी, पाच जूनला, गॅरेजमध्ये शंभरावर माणसं. कोणी फिलाडेल्फियाहून आलेलं, कोणी क्वीन्सहून. हा प्रयोग खास संध्यासाठी होता. तिच्या नावाची बारा अंडी. आणि यशानं महाराज चढले होते.

"इस बार तीन दिन नहीं," ते म्हणाले. "सिद्धी वाढली आहे. एक दिन! उद्या संध्याकाळी पिल्लं."

टाळ्या पडल्या. विक्रमनं सुपरमार्केटचं खोकं पुढे केलं. तेवढ्यात गर्दीतून गिरिजा आली. हातात जाड काळा मार्कर.

"महाराज, ताईंच्या नावाची अंडी आहेत ना? मग प्रत्येकावर ताई सही करतील. उद्या सहीवाल्या अंड्यातून पिल्लू निघू दे, मी तुमच्या पायावर डोकं ठेवते."

महाराज हसले. "बेटी, शाईत केमिकल असतं. प्राण गुदमरतो."

"कुंकवातही असतं."

"कोण आहे ही?" सरलाकाकूंनी विचारलं.

"कोंबड्यांची डॉक्टर आहे," संध्या म्हणाली. मोठ्यानं. मंडळात पहिल्यांदाच.

"परीक्षा घेणाऱ्याला परमात्मा दिसत नाही!" महाराज गरजले.

"परमात्म्याचं राहू द्या, मी अंड्याचं विचारते," गिरिजा म्हणाली. मग ती महाराजांकडे पाठ करून लोकांकडे वळली.  "दुकानातल्या अंड्यांच्या कोंबड्यांजवळ कोंबडाच नसतो. त्या अंड्यात जीव धरलेलाच नसतो. ते एकवीस दिवस उबवा नाहीतर एकवीस वर्षं, कुजेल फक्त. उद्या पिल्लं निघायची असतील, तर वीस दिवस उबलेली अंडी आज इथेच कुठेतरी तयार असली पाहिजेत. आणि ती गार झाली तर मरतात, म्हणजे उबेत असली पाहिजेत. आज सकाळी या घरातली कुठली गाडी बाहेर गेली होती?"

विक्रम गोंधळला. "माझी मिनीव्हॅन. संजीव घेऊन गेला होता. फुलं आणायला."

संजीव म्हणजे महाराजांचा चेला. तो एकदम चपला शोधायला लागला.

"फुलं किती आणली?" गिरिजानं विचारलं.

टेबलावर झेंडूची एक पुडी होती.

सगळी गर्दी ड्राइव्हवेवर. उन्हात मिनीव्हॅन उभी, मागच्या काचा दोन बोटं उघड्या. महाराजांनी एकदम मोठ्यानं भजन सुरू केलं. इतक्या मोठ्यानं त्यांनी आधी कधी म्हटलं नव्हतं. चार भाबड्यांनी टाळ्यांचा ठेकाही धरला.

"महाराज," गिरिजा म्हणाली, "फक्त एक मिनिट गप्प बसा."

शांतता झाली. आणि गाडीच्या मागच्या बाजूनं बारीक आवाज आला. चिव. चिव चिव.

"पिल्लू बाहेर यायच्या आदल्या दिवशी कवचातूनच बोलायला लागतं," गिरिजा म्हणाली.

विक्रमनं मागचं दार वर उचललं. आत चादरीखाली थर्माकोलची दुसरी पेटी, कडेनं गरम पाण्याच्या पिशव्या. त्यात बारा पांढरी अंडी, बाराही आतून बोलत असलेली. कुंकू लावून तयार. झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीनं एक चिठ्ठी लावलेली होती, कुठल्या तरी शेतावरच्या बाईच्या अक्षरात. विक्रमनं ती मोठ्यानं वाचली आणि वाचता वाचता त्याचा आवाज बसत गेला. सोळा मेला ठेवलेली आहेत, सहा जूनला निघतील. आता फिरवू नका. ऊब कमी होऊ देऊ नका. तुमच्या शाळेच्या प्रयोगाला शुभेच्छा!

गिरिजानं संध्याच्या कवचाचा तुकडा चिठ्ठीशेजारी धरला. दोन्हीकडच्या तारखांतला पाचाचा आकडा तोच, वरची रेघ तशीच मोडलेली.

"ही माया आहे," महाराज म्हणाले.

"हे शाळेचं प्रोजेक्ट आहे," कोणाची तरी सातवीतली मुलगी इंग्रजीतून म्हणाली. "मी फोर्थ ग्रेडमध्ये केलं होतं."

पुढचं सांगायला नको. महाराज आणि संजीव त्याच दुपारी टॅक्सीनं गेले. कानावर येतं की हल्ली अटलांटाकडे पाण्यावर दिवा पेटवतात. आपला मुक्काम कुठेही असो, भक्त पुढच्या गावात तयार असतात.

अंड्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. गिरिजा म्हणाली, त्यांचा काय दोष? पेटी गॅरेजमध्ये ठेवली, बल्ब लावला, वाटीत पाणी भरलं. सहा जूनला, शेतावरच्या बाईनं लिहिलं होतं त्याच दिवशी, मंत्र नाही, उदबत्ती नाही, बारापैकी दहा पिल्लं निघाली. सरलाकाकू दारात उभ्या राहून बघत होत्या. मग आत आल्या. मग एक पिल्लू हातावर घेतलं. "किती ऊन ऊन आहे गं," एवढंच म्हणाल्या, आणि अर्धा तास खाली ठेवलं नाही. पुढच्या आठवड्यात गिरिजानं सगळी पिल्लं एका शेतावर पोहोचवली.

"आणि ताईचं?" वेदांतनं हळूच विचारलं.

सोमवारी संध्यानं क्लिनिकला फोन केला. जूनची जागा दुसऱ्या कोणाला दिलेली होती. त्यांचा दोष नाही, रांगेत पुष्कळ जण असतात. ऑगस्टमध्ये ट्रीटमेंट झाली. यश आलं नाही. आता जानेवारीत पुन्हा आहे. डॉक्टरीणबाई अजून दहात एकच म्हणते. जूनमध्ये झालं असतं का? कोणालाच माहीत नाही. पण जूनचा तो एक महिना तिच्या हिशोबातून कमी झाला तो झालाच.

म्हणून सांगतो, वेदांत, आणि माझ्यासारख्या थापाड्यानं सांगितलं तरी ऐक. शंभर टक्के म्हणणाऱ्यापासून दूर राहा. दहात एक म्हणणाऱ्याजवळ बस, त्याच्याकडे निदान मोजलेलं काहीतरी असतं. कोणी चमत्कार दाखवला तर नमस्कार नंतर कर, आधी विचार: सामान कोणी आणलं? हात कोणी लावला? नजर कोणाची होती? पुन्हा करून दाखवशील का, माझ्या खुणेनं? आणि ज्याला त्या विषयातलं कळतं त्याला बोलाव, मग त्याचा विषय कोंबड्या का असेना. प्रश्नानं प्राण जात नाही. प्रश्न न विचारल्यानं जातो.

"भारी, काका," वेदांत म्हणाला. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "पण एक राहिलं. शुक्रवारी त्यांनी अंडी बदलली कधी? तुम्ही तर समोर बसला होतात."

हा प्रश्न आलाच. मी खुर्ची थोडी पुढे ओढली.

"तीच तर खरी हातचलाखी! दुपारी संजीव आला, अंडी फिरवायला. माझ्या नाकासमोर, भर उजेडात. डोळ्यांचं पातं न लवता मी बघतोय. त्यानं हात पेटीत घातला आणि बाहेर काढला, आणि तेवढ्यात बाराच्या बारा बदलली! कफनीची बाही ही एवढी. त्या बाहीत दोन डझन मावतात, एका बाहीत जुनी, एका बाहीत नवी. मुंबईच्या सर्कशीत मी असाच एक..."

"काका." संध्यानं घेवड्याचं ताट बाजूला सरकवलं. "कफनी महाराजांची होती. शुक्रवारी दुपारी संजीवला पान मी वाढलं. अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट होता त्याच्या अंगात. फोटो आहे माझ्याकडे."

मी तोंड उघडलं.

"आणि श्रीखंडही मीच वाढलं होतं, तुम्हाला. चार वेळा." ती रागावली नव्हती. गिरिजानं कवच बघितलं होतं, तशी ती माझ्याकडे बघत होती. "बारा अंडी एकेक उचलायची, बारा एकेक ठेवायची. पाच मिनिटं लागतात. जाग्या माणसासमोर होत नाही ते. मी तुम्हाला विचारलं होतं, काका, आणि तुम्ही नाही म्हणालात, म्हणून मी क्लिनिकला फोन केला. खोटं बोललात तुम्ही. झोपला होतात."